केनियातल्या गावी, आपण मदत करतो त्या मुलाला भेटायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालमदत संस्थेमार्फत एखाद्या मुलाच्या नावाने दरमहा पैसे पाठवायचे, वर्षातून दोन पत्रं यायची, आणि मग एक दिवस वाटतं की प्रत्यक्ष जाऊन यावं. पश्चिम केनियात, किसुमूच्या आसपासच्या लुओ जमातीच्या खेड्यांत अशा मराठी पाहुण्यांबरोबर मी बऱ्याचदा गेले आहे. कोणी लंडनहून आलेले असतात, कोणी दुबईहून, कोणी थेट पुण्याहून. मला स्वाहिली येते, लुओंची भाषा धोलुओ मोडकीतोडकी. निघण्याआधी आणि परत आल्यावर लोक जे विचारतात, त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. पत्रावर गावाचं नाव आहे. थेट गेलो तर चालेल ना? संस्थेला कशाला मध्ये घ्यायचं?

चालणार नाही. बहुतेक संस्थांना दोन-तीन महिने आधी अर्ज लागतो, पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, आणि बालसुरक्षेच्या नियमांवर तुमची सही लागते. भेटीत संस्थेचा माणूस पूर्ण वेळ सोबत असतो. मुलाबरोबर एकट्याने कुठे जाता येत नाही, रात्री गावात राहता येत नाही, फोन नंबरांची देवाणघेवाण होत नाही. काहींना याचा राग येतो: "दहा वर्षं पैसे भरतोय, माझ्यावर संशय?" उलटं करून बघा. तुमच्या मुलीच्या शाळेत कोणी अनोळखी परदेशी माणूस "मी हिची फी भरतो" म्हणत दारात उभा राहिला, तर तुम्ही काय कराल?

आणि हो, मुलाला किंवा घरच्यांना भेट नको असेल तर ते नाही म्हणू शकतात. क्वचित म्हणतातही.

२. माझे पैसे त्या मुलाच्याच हातात जातात का?

बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये नाही, आणि ही लपवाछपवी नाही. मुलाच्या नावाने जमलेला पैसा एकत्र करून त्या भागात वापरतात: शाळेची शौचालयं, बोअरवेल, मच्छरदाण्या, दवाखान्यातली लसीकरणाची सोय. मुलाच्या नावाने मदत करण्याची ही पद्धत बरीच जुनी आहे. आजची प्लॅन इंटरनॅशनल १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी अशीच सुरू झाली. पुढे हळूहळू अनेक संस्थांना कळलं की एका घरात पैसा आणि शेजारच्या घरात नाही, याने गावात कुरबुरी वाढतात. म्हणून "माझ्या पैशातून काय घेतलं?" हे घरच्यांना विचारू नका. त्यांना ते माहीत नसतं, आणि मग ते ओशाळून काहीतरी उत्तर देतात. हा प्रश्न संस्थेच्या कार्यालयाला विचारा, हिशेब तिथे मिळतो.

भारतात राहून परदेशी संस्थेला थेट देणगी दिली तर ८०जीची करसवलत मिळत नाही, हेही इथेच सांगून टाकते.

३. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दोन्ही अडचणीचे. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. किसुमूच्या पूर्वेला कानोचं मैदान आहे, तिथली माती आपल्या रेगडीसारखी काळी आणि चिकट. पाऊस पडला की गाडी रुतते आणि नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस असतो, शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळांना वर्षअखेरची मोठी सुट्टी. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल व ऑगस्टमध्येही सुट्ट्या असतात. शाळा चालू असताना आणि रस्ता कोरडा असताना जायचं, तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी, नाहीतर जून-जुलै.

४. व्हिसा आणि लशींचं काय?

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. ती निघण्यापूर्वीच काढायची. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी बरीच स्थळं आहेत, तेव्हा पत्ता नीट वाचा.

पिवळ्या तापाची लस मात्र लोक विसरतात आणि अडकतात. जाताना नाही, तर परत येताना. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. तिथून भारतात उतरणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस भारतात सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, नेहमीच्या डॉक्टरकडे नाही. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढचे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

५. मलेरियाच्या गोळ्या खरंच घ्यायच्या का? आम्ही डासांतच वाढलो.

घ्यायच्या. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा हा पट्टा केनियातल्या सर्वांत जास्त मलेरियाच्या भागांपैकी आहे, आणि तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपारम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. लहान मुलांसाठीची मलेरियाची पहिली लस केनियात २०१९ मध्ये द्यायला सुरुवात झाली, ती याच भागातल्या होमा बे इथून. लहानपणी झालेल्या तापाची प्रतिकारशक्ती मोठेपणी उरत नाही. गोळी कोणती, हे डॉक्टर ठरवतील. परतल्यावरही ती ठरलेले दिवस चालू ठेवायची, कुठली एक आठवडा, कुठली चार. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा: "मी केनियाला जाऊन आलोय."

६. नैरोबीहून गावापर्यंत कसं जायचं?

मुंबई ते नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. पुढे किसुमूला विमानाने पाऊण-एक तास, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. रस्ता सुंदर आहे, दरीतून चढतो-उतरतो, चहाच्या मळ्यांतून जातो, पण अंधारात करू नका. किसुमूहून गावापर्यंत संस्थेची गाडी असते. बोडाबोडा नावाची भाड्याची मोटारसायकल स्वस्त आणि मजेची असली, तरी बहुतेक संस्था पाहुण्यांना तिच्यावर बसू देत नाहीत. बरोबरच करतात.

एक सावधगिरी. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. "सा म्बिली" म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण अर्थ सकाळी आठ. एकदा निरोप थेट घरच्यांकडून आला आणि मी, स्वाहिली येते या तोऱ्यात, एका जोडप्याला दुपारी दोनला घेऊन गेले. ते लोक सकाळी आठपासून धुतलेल्या कपड्यांत बसून होते. चहा तीनदा गरम झाला होता. कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

७. भाषा येत नाही. निदान नावं तरी नीट कशी घ्यावीत?

लुओ नावांत जन्माची वेळ दडलेली असते. ओतिएनो रात्री जन्मलेला, अकिनी सकाळची, ओचिएंग दिवसा उन्हात, ओधियाम्बो संध्याकाळी, अकोथ पाऊस पडताना. सहसा 'ओ'ने सुरू होतं ते मुलाचं आणि 'अ'ने सुरू होतं ते मुलीचं. म्हणजे ओतिएनोची बहीण रात्री जन्मली तर अतिएनो. हे माहीत असलं की पहिल्या पाच मिनिटांचं बोलणं आपोआप सुचतं: तुझा जन्म कधीचा, पाऊस होता का, घरी की दवाखान्यात? आई लगेच बोलायला लागते. बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने, "मामा अमुक", अशी हाक मारतात. आपल्याकडे "बंड्याची आई" म्हणतात तसंच. आभारासाठी "एरोकामानो" हा एक शब्द पाठ करा, बाकीचं दुभाष्यावर सोडा.

८. घरी गेल्यावर नेमकं काय होतं? मी कसं वागायचं?

घर म्हणजे एक वाडीच समजा, तिला 'दाला' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी शेराचं कुंपण, तोच शेर जो आपल्याकडे शेताच्या बांधावर असतो. आत आईबापांचं घर, आणि फाटकाजवळ मोठ्या मुलग्यांच्या वेगळ्या खोल्या, त्यांना 'सिंबा' म्हणतात. भिंती मातीच्या, वर पत्रा. अंगणातच घरातल्या माणसांच्या समाध्या असतात, काही सिमेंटच्या, काही नुसता मातीचा उंचवटा. दचकू नका आणि विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका.

आत शिरताना प्रत्येकाशी हात मिळवायचा, आजीपासून रांगत्या पोरापर्यंत. एक जण सुटला तरी लक्षात राहतं. बसायला लाकडी सोफा, आणि त्याच्या पाठीवर क्रोशाने विणलेले पांढरे रुमाल. एकदा माझ्याबरोबर आलेल्या सातारच्या बाई ते रुमाल पाहून खुर्चीत बसल्याच नाहीत. उभ्या राहून त्यांनी टाका बघितला, मग मुलाच्या आजीकडे पाहून बोटांनी विणायची खूण केली. आजी आत जाऊन सुई आणि दोऱ्याचं गुंडाळं घेऊन आल्या. पुढचा अर्धा तास दुभाष्याची गरज पडली नाही.

मग प्रार्थना होते, घरातलं वडील माणूस करतं. मग ओळखी, एकेकाने उभं राहून. मग "पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत". इथे आपली माणसं एकदम घरच्यासारखी होतात, कारण सत्कार समारंभ आपल्या अंगवळणी पडलेले असतात. दोन शब्द खरंच दोनच बोला. तुम्ही काय दिलंत त्याचा उल्लेख करू नका. तुमच्या घरी कोण कोण आहे, पाऊस कसा झाला, शेतात काय लावता, हे सांगा. शेती असलेला माणूस तिथे सगळ्यात आवडता पाहुणा ठरतो. "एकरी मका किती होतो?" या प्रश्नावर एका नगरच्या काकांनी मुलाच्या वडिलांबरोबर जो तास काढला, त्यात मूलबिल सगळे बाजूला राहिले.

९. आम्ही शाकाहारी आहोत. जेवायला नाही म्हटलं तर अपमान होईल का?

न जेवता उठलात तर होईल, कोंबडी न खाल्ल्याने नाही. फक्त हे आठवडाभर आधी संस्थेमार्फत कळवा, कारण पाहुणा येणार म्हणून कोंबडी कापली जाते आणि ती घरातली मोजून ठेवलेली असते. ताटात कुओन येईल, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, स्वाहिलीत उगाली. आपल्या उकडीला अजून दोन चमचे पीठ लावलं तर जसं होईल तसं. हाताने तोडून, अंगठ्याने खळगा करून भाजी उचलायची. भाज्या मात्र आपल्याला परक्या वाटणार नाहीत: ओसुगा ही कामोणीच्या जातीची, बो म्हणजे चवळीचा पाला. दूध घालून मंद शिजवतात आणि कडवटपणा जातो. मका आणि घेवडा एकत्र उकडलेलं न्योयो असतं.

तुमच्यासाठी चपाती केली असेल तर तिचं मोल ओळखा. शब्द आपलाच, भारतातून गेलेला, पण तिथे ती सणावाराला करतात. तेल लावून, पदर सोडून, चांगली जाड.

जेवणाआधी घरातली मुलगी तांब्या आणि घमेलं घेऊन हातावर पाणी घालायला येते. हात पुढे करा, खिशातला सॅनिटायझर बाहेर काढू नका. पिण्याचं पाणी मात्र स्वतःचं न्या. चहा दुधात उकळलेला असतो, तो निर्धास्त प्या.

१०. मुलासाठी काय नेऊ?

चेंडू, आणि त्याबरोबर हवा भरायचा पंप व सुई. पंप नसेल तर चेंडू महिन्याभरात कोपऱ्यात पडतो. दोरीच्या उड्यांची दोरी, वह्या, रंगीत खडू, सोलरवर चालणारा दिवा. भावंडं किती ते आधी विचारा आणि सगळ्यांना सारखं द्या. गणवेश नेऊ नका, प्रत्येक शाळेचा रंग वेगळा असतो. तो किसुमूच्या बाजारात शिंप्याकडून घ्या, पैसाही तिथेच राहतो. मोबाइल, घड्याळ, रोख रक्कम नको. गोळ्या-चॉकलेटं अख्ख्या शाळेत उधळणं तर मुळीच नको. मी ते एकदा पाहिलंय. धुळीत पोरांची झोंबाझोंबी झाली आणि एक मुलगी रडत घरी गेली.

प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड जबर आहे. विमानतळावरच्या खरेदीची पिशवीसुद्धा उतरण्याआधी सोडा.

११. मूल माझ्याशी एक शब्द बोललं नाही. माझं काही चुकलं का?

नाही. हा परतल्यावर येणारा सर्वांत दुखरा प्रश्न. पत्रात "तुमची फार आठवण येते" लिहिणारं मूल समोर जमिनीकडे बघत उभं राहतं. पत्रं शाळेत, कोणीतरी मदत केल्यावर लिहिलेली असतात. त्यात आता अख्खं गाव कुंपणाबाहेर जमलेलं आणि सगळे म्हणतायत, बोल, आभार मान. आपल्याकडे "काकांना नमस्कार कर" म्हटल्यावर आईच्या पदरात तोंड लपवणारी पोरं आठवा. मिठी मारू नका, मांडीवर ओढू नका. चेंडू काढा आणि दुसऱ्याच कुणाशी खेळायला लागा.

१२. फोटो काढू का? स्टेटसला ठेवू का?

काढण्याआधी मुलाला आणि पालकांना, दोघांना विचारा. टाकताना मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि शाळा दिसणार नाही असं बघा. गणवेशाच्या खिशावरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव असतं, ते हमखास सुटतं. केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. फाटक्या कपड्यांतला फोटो मागू नका. त्यांनी त्या दिवशी ठेवणीतले कपडे घातलेत ते तुमच्यासाठीच.

छापलेला फोटो मागाहून नक्की पाठवा. भिंतीवर लागतो.

१३. पोरं मागे लागून "मुहिंदी, मुहिंदी" ओरडत होती. शिवी आहे का?

नाही, मुहिंदी म्हणजे भारतीय. गोऱ्यांना मुझुंगू म्हणतात. पण या शब्दाला इतिहास आहे. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून किसुमूपर्यंत रेल्वे बांधायला इंग्रजांनी भारतातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले, मुख्यतः पंजाबातून. बरेचसे परतले, काही राहिले, व्यापारी नंतर आले. किसुमूच्या जुन्या बाजारपेठेत ही दुकानं अजून आहेत, आणि 'दुकान'चं स्वाहिलीत 'दुका' झालंय. २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. मात्र गावकऱ्यांच्या मनात मुहिंदी म्हणजे दुकानदार किंवा मालक. त्यामुळे भारतीय माणूस मातीच्या घरात बसून हाताने कुओन खातोय, याचं त्यांना नवल वाटतं. वाटू द्या.

१४. निघताना त्यांनी जिवंत कोंबडी हातात दिली! काय करायचं?

दोन्ही हातांनी घ्यायची. "अहो तुम्हालाच ठेवा" म्हणणं म्हणजे साडी-चोळी परत केल्यासारखं. शाकाहारी असलात तरी घ्यायची. पाय बांधलेली असते, गाडीत मागे शांत बसते. पुढे ती सोबतच्या ड्रायव्हरला किंवा कर्मचाऱ्याला द्या, पण गावाच्या हद्दीबाहेर गेल्यावर. भुईमूग, रताळी, अंडी यांनाही हाच नियम.

१५. मुलाच्या काकांनी बाजूला घेऊन थोरल्या मुलाच्या फीचे पैसे मागितले. नाही कसं म्हणू?

"मी इथे कबूल करू शकत नाही, कार्यालयात बोलतो" असं म्हणा आणि खरंच बोला. मागणं खोटं असतं असं नाही. प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश, दुपारचं जेवण आणि पुढे माध्यमिक वसतिशाळेचा खर्च घराला खरंच जड जातो. तरी हातात नोटा ठेवल्यात तर पुढच्या पाहुण्याला हेच घर दाखवण्यावरून गावात भांडण लागतं. "बघू, करू काहीतरी" हे आपलं नेहमीचं वाक्य तर अजिबात नको. आपल्याकडे त्याचा अर्थ नाही असा होतो, तिथे हो असा घेतात.

१६. गावाच्या भेटीला जोडून आठवडाभर एखाद्या अनाथाश्रमात सेवा करावी म्हणतो.

करू नका. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील किंवा दोघांपैकी एक तरी हयात असतो. गरिबीपायी मूल संस्थेत येतं आणि पाहुण्यांच्या देणग्यांपायी तिथेच राहतं. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण घेतलं. शिवाय दर आठवड्याला नवा काका, नवी मावशी जीव लावणार आणि निघून जाणार. पर्यटकाच्या परवानगीवर बिनपगारी कामही करता येत नाही, हे वेगळंच.

१७. मूल फार हुशार आहे. दत्तक घेता येईल का, किंवा शिकायला पुण्याला आणता येईल का?

परदेशी दत्तक प्रक्रिया केनियाने २०१४ मध्येच स्थगित केली. पुण्याला आणण्याचं म्हणाल, तर अल्पवयीन मुलाला आईबापांपासून, भावंडांपासून, भाषेपासून तोडून आणणं संस्था मान्य करणार नाही. हा विषय मुलासमोर किंवा घरच्यांसमोर गंमतीतही काढू नका (प्रश्न १५ मधलं "बघू" आठवा). शिक्षणाला जास्त मदत करायची तर कार्यालयाकडे त्याच तालुक्यातल्या माध्यमिक शाळेसाठी विचारा.

१८. तिकिटं काढली, पोचलो, आणि आदल्या दिवशी भेट रद्द झाली. असं कसं?

बहुधा गावात मयत झालेलं असतं. लुओंमध्ये अंत्यविधी म्हणजे दिवसेंदिवस चालणारी गोष्ट. दूरदूरचे नातेवाईक येतात, मांडव पडतो, सगळ्यांना जेवण असतं, आणि माणसाला त्याच्याच दालामध्ये पुरतात. त्या काळात घरचे तुमच्यासाठी वेळ काढू शकत नाहीत. म्हणून किसुमूत दोन दिवस जास्तीचे ठेवा. ते मोकळे मिळाले तर सरोवरावर जा, तिलापिया मासा खा, पाणघोडे बघा, पण पाण्यात उतरू नका. गोगलगायींमुळे तिथे बिल्हार्झिया हा जंतांचा रोग होतो आणि तो कातडीतून शिरतो. मसाई मारा अभयारण्य करायचं असेल तर गावानंतर करा. आधी सिंह बघून आलेले लोक गावातही कॅमेरा डोळ्याला लावूनच उतरतात.

१९. मुलगी आता अठराची झाली, कार्यक्रमातून बाहेर पडली. तिने मला फेसबुकवर शोधलं. उत्तर देऊ का?

आधी संस्थेला कळवा, कारण अशा वेळी नावाने दुसराच कोणी लिहीत असण्याची शक्यता असते. ती तीच असेल, तर ती आता मोठी आहे आणि ठरवणं तिच्या हातात. एका ठाण्याच्या बाईंना असाच निरोप आला. पहिल्या भेटीत ही मुलगी त्यांच्याशी बोललीच नव्हती. त्यांनी धसका घेतला की आता पैसे मागणार. तिने लिहिलं होतं की ती किसुमूत शिवणकाम शिकते आहे, आणि त्या दिवशी तुम्ही घातलेल्या ब्लाऊजच्या पाठीला जी कळी होती, ती कशी कापतात?